डब्यात काय आणलंस?
(मोठा गट व पालक यांच्यासाठी पाठ)



या वेळचा पाठ व्याकरणाचा नाही, डब्याचा आहे. तरी वही-पेन्सिल जवळ ठेवा. शेवटी शब्दार्थ आहेत आणि स्वाध्यायही आहे. (पालकांनाही आहे!)

हा विषय का घेतला ते आधी सांगतो. आपल्या रविवारच्या वर्गात मधल्या सुट्टीत कोणी चिवडा काढला, कोणी थालीपीठ काढले, की क्षणात फस्त होते. पण तीच मुले सोमवारी शाळेच्या कॅफेटेरियात तोच डबा उघडायला तयार नसतात. सहावी-सातवीत गेले, की "आई, उद्यापासून पोळी-भाजी नको, सँडविच दे" हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते. कारण विचारले तर उत्तर मिळते, "काही नाही, असंच."

ते 'असंच' नसते. शेजारी बसलेल्या कोणीतरी नाक मुरडलेले असते. "तुझ्या डब्याला वास येतो" असे म्हटलेले असते. किंवा "तुम्ही लोक रोज करीच खाता का?" असे विचारल्यावर सगळे टेबल हसलेले असते. मुलाला त्या वेळी उत्तर सुचत नाही. मग डबा न उघडताच घरी परत येतो, आणि काही दिवसांनी त्याच्याबरोबर इतरही गोष्टी मिटायला लागतात. आजीशी फोनवर मोठ्याने मराठी बोलायला नको वाटते. मित्रांना घरी बोलवायला नको वाटते.

ज्याला सँडविच आवडते त्याने ते खुशाल खावे. आमचे म्हणणे एवढेच, की डबा आवडीने बदलावा, लाजेने बदलू नये. आणि लाज घालवायची तर आपण काय खातो, त्याला काय म्हणतात आणि ते कुठून आले, हे आधी आपल्याला ठाऊक हवे. म्हणून हा पाठ.

१. 'करी' म्हणजे नक्की काय?

एक प्रयोग करा. आज घरी जाऊन विचारा, "आई, आज करी कुठली केलीस?" आई चमकून बघेल. कारण आपल्या घरात रोजच्या बोलण्यात 'करी' हा शब्दच नाही. त्याऐवजी केवढे शब्द आहेत ते पाहा.

वरण – शिजवलेली तुरीची डाळ, साधी, हळद-हिंग घातलेली.
आमटी – डाळीला फोडणी, चिंच किंवा आमसूल, गूळ आणि गोडा मसाला.
सार – पातळ, आंबटसर. टोमॅटोचे किंवा आमसुलाचे.
कढी – ताकाला बेसन लावून केलेली.
उसळ – मोड आलेल्या कडधान्याची. मटकीची, मुगाची, वालाची.
पिठले – बेसनाचे. घट्ट आणि कोरडे केले की झुणका.
रस्सा – वाटण लावलेला, भाजीचा किंवा मटणाचा.
कालवण – भाताशी कालवायचे, बहुधा माशाचे.
भरीत – भाजलेल्या वांग्याचे.

यातल्या एका नावानेही दुसऱ्याचे काम भागत नाही. पिठले मागितले आणि कढी वाढली तर जेवणारा लगेच बोलेल. आणि हे झाले फक्त आपल्या बाजूचे. कोल्हापूरचा तांबडा-पांढरा रस्सा, खानदेशातली शेवभाजी, नागपूरचे सावजी मटण, मालवणची सोलकढी, हे सगळे एकाच राज्यातले. मग साऱ्या भारताचे जेवण एका शब्दात कसे मावणार?

तर मग हा 'करी' शब्द आला कुठून? बहुतेक अभ्यासक तो तमिळ 'करि' या शब्दापासून आला असे मानतात. तो पोर्तुगिजांनी उचलला आणि त्यांच्याकडून इंग्रजीत गेला. १७४७ साली हॅना ग्लास या इंग्रज बाईंचे पाककृतींचे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात 'भारतीय पद्धतीची करी' आहे. तिच्यात कांदा, मिरी, धने आणि थोडे तांदूळ आहेत. हळद नाही आणि मिरचीही नाही! पुढे १७८० च्या दशकात लंडनमध्ये तयार करी पावडर विकली जाऊ लागली. भारतात दर घरी आणि दर पदार्थाला मसाला वेगळा. तिकडे बाटलीत एकच पिवळी भुकटी. एका बाटलीमुळे अख्ख्या देशाला एक चव चिकटली. मग इंग्रजांकडून ही करी जपानलाही गेली आणि तिथे आज ती घराघरांत आवडीने खातात.

कढीपत्त्याला इंग्रजीत 'करी लीफ' म्हणतात, पण करी पावडर त्या पानांची करत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

हा गैरसमज जुना झाला असे समजू नका. ऑगस्ट २०२१ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट' या मोठ्या वृत्तपत्रात एका विनोदी सदरात असे छापले गेले, की भारतीय जेवण 'करी' नावाच्या एकाच मसाल्यावर आधारलेले आहे. वाचकांनी जोरदार आक्षेप घेतला. मग वृत्तपत्राला दुरुस्ती छापावी लागली, की भारतात अनेक प्रकारची जेवणे आहेत आणि त्यांत अनेक मसाले वापरतात. ज्यांना नेमकी माहिती होती अशा लोकांनी ती नीट सांगितली, म्हणून दुरुस्ती झाली.

पण 'करी' शब्द उच्चारला की भांडायचे, असे मात्र नाही. मधुर जाफरी या प्रसिद्ध लेखिकेने १९७३ च्या आपल्या पुस्तकात या शब्दावर कडक टीका केली होती. त्याच लेखिकेने २००३ मध्ये करी याच विषयावर मोठे पुस्तक लिहिले. शब्द वापरायला हरकत नाही. त्याच्याआड काय दडले आहे ते सांगता आले पाहिजे.

२. वास, सुवास आणि दर्प

आता वासाकडे येऊ. मराठीत 'वास' हा शब्द चांगल्यालाही चालतो आणि वाईटालाही. "मस्त वास सुटलाय" आणि "कसला तरी वास येतोय" ही दोन्ही वाक्ये आपण बोलतो. त्याशिवाय सुवास, सुगंध, दरवळ, घमघमाट, दर्प, उग्र, कुबट, खवट, करपट असे कितीतरी शब्द आहेत. आणि 'खमंग' तर आहेच. भाजलेल्या, तळलेल्या, फोडणी दिलेल्या पदार्थाचा वास आणि चव दोन्ही त्यात येतात. त्याला इंग्रजीत एका शब्दाचा प्रतिशब्द शोधून दाखवा बरे.

हिंगाचा वास उग्र का? त्यात गंधकाची संयुगे असतात. पण गंधकाची संयुगे उकडलेल्या अंड्यात, कोबीत, कांद्यात आणि लसणातही असतात. मुरलेल्या चीजचा वास पहिल्यांदा घेणारा आजोबांसारखा खिडकी उघडायला धावतो! तेव्हा वास सगळ्यांच्याच डब्याला येतो. ज्याची नाकाला सवय आहे तो जाणवत नाही, ज्याची सवय नाही तो जाणवतो. यात कोणाचे अन्न घाण आणि कोणाचे स्वच्छ, असा प्रश्नच येत नाही.

३. अमेरिकेतून आलेला उपवास

कोणी म्हणाले, "तुमचे जेवण किती परके!" तर त्याला साबुदाण्याच्या खिचडीची गोष्ट सांगा. एकादशीला, चतुर्थीला आपण ती खातो. तिच्यात काय काय असते?

साबुदाणा – भारतात तो कसाव्याच्या कंदापासून करतात; तमिळनाडूतले सेलम त्यासाठी प्रसिद्ध आहे. कसावा मूळ दक्षिण अमेरिकेचा.
बटाटा – दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. 'बटाटा' हे नावही आपल्याला पोर्तुगिजांकडून मिळाले.
शेंगदाणे – भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा.
हिरवी मिरची – तीही अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात ती भारताच्या किनाऱ्यावर आली. त्याआधी तिखटासाठी आपण मिरी आणि पिंपळी वापरत होतो.

म्हणजे आपल्या सर्वांत सोवळ्या पदार्थातल्या चार मुख्य वस्तू अमेरिका खंडातून आलेल्या! तूप, जिरे आणि मीठ तेवढे बाकी राहिले. शेजारच्या मुलाच्या पीनट बटरमधला दाणा आणि आपल्या खिचडीतला कूट एकाच झाडाचा. 'पाव' हा शब्दही पोर्तुगीजच, आणि वडापाव मात्र अस्सल मुंबईचा.

मग हे पदार्थ आपले नाहीत का? आहेत, नक्कीच आहेत. बाहेरून आलेल्या वस्तूला आपल्या हाताची चव लागली, आपले नाव मिळाले, की ती आपली होते. परदेशात वाढणाऱ्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावे. "तू इथला की तिथला?" असे कोणी विचारले, तर खिचडीलाही तोच प्रश्न विचारता येईल. ती दोन्हीकडची आहे आणि तरी तिची चव बिघडलेली नाही.

४. एका पत्राने काय केले

आता आपल्या शेजाऱ्यांची गोष्ट. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने कोंबू या समुद्री वनस्पतीच्या सारातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्याच्या चवीला 'उमामी' असे नाव दिले. त्यापासून केलेली पांढरी पूड 'अजिनोमोटो' या नावाने विकली जाऊ लागली. आपल्याकडे हेच नाव रूढ आहे.

१९६८ साली, चीनमधून अमेरिकेत आलेल्या एका डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकाला छोटेसे पत्र लिहिले. चिनी उपाहारगृहात जेवल्यावर मान बधिर होते, अशक्तपणा वाटतो, छातीत धडधडते, असे त्यात होते. कारण सोया सॉस असेल, स्वयंपाकातली वाइन असेल, मीठ असेल किंवा अजिनोमोटो असेल, अशा त्यांनी शंका मांडल्या होत्या. पत्र छापले गेले ते 'चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम' या मथळ्याखाली. शंका बाजूला राहिल्या आणि मथळा जगभर पसरला. चिनी उपाहारगृहांना दारावर "आमच्याकडे अजिनोमोटो नाही" अशा पाट्या लावाव्या लागल्या.

तोच पदार्थ डबाबंद सुपात आणि चिप्समध्येही होता. टोमॅटोत आणि पार्मेझान चीजमध्ये ग्लुटामेट निसर्गतःच असते. पण 'टोमॅटो सिंड्रोम' असे कोणी म्हटले नाही! अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन अजिनोमोटो सर्वसाधारणपणे सुरक्षित मानते. जेवणाशिवाय एकदम ३ ग्रॅम किंवा जास्त पोटात गेल्यास काही संवेदनशील लोकांना थोडा वेळ सौम्य त्रास होऊ शकतो, असेही ते सांगते. २०२० मध्ये मेरियम-वेबस्टर या शब्दकोशाने त्या मथळ्याची जुनी नोंद बदलली. पत्र १९६८ चे आणि बदल २०२० चा. ५२ वर्षे लागली. एखाद्याच्या अन्नाला नाव ठेवायला एक ओळ पुरते आणि ते पुसायला अर्धे शतक लागते.

५. आपण कोणाला नावे ठेवतो?

हा भाग वाचताना सगळ्यांनी जरा स्वतःच्या घरात डोकावावे. "चिनी लोक काय वाटेल ते खातात." "अमेरिकन जेवण म्हणजे नुसते बेचव." ही वाक्ये आपल्या पार्ट्यांमध्ये सर्रास ऐकू येतात, आणि मुले ती ऐकत असतात. आपल्या आपल्यातही हेच चालते. सुकट आणि सुके बोंबील भाजले की जिन्यात कुजबुज सुरू होते, पण कोकणातल्या कितीतरी घरांत पावसाळ्याचे चार महिने त्याच सुक्या मासळीवर निघतात. शाकाहारी घरातल्याने मासे खाणाऱ्याला आणि मासे खाणाऱ्याने शाकाहाऱ्याला हिणवावे, आणि मग दोघांनी मिळून "आमच्या डब्याला का हसता?" म्हणावे, हे काही बरोबर नाही.

शेजारी कोरियन मित्र किमची घेऊन बसला असेल, तर ते त्यांचे लोणचे आहे असे समजा. घरच्या सगळ्यांनी मिळून थंडीसाठी किमची घालून ठेवण्याची दक्षिण कोरियातली प्रथा २०१३ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया घालतात, कैरीच्या लोणच्याच्या बरण्या भरतात, ते आठवा.

'एशियन' हा शब्दही असाच आहे. इंग्लंडमध्ये 'एशियन' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे भारत-पाकिस्तान-बांगलादेशचे लोक येतात. अमेरिकेत चीन, जपान, कोरिया येतात, आणि आपल्या मुलांना "तू एशियन कसा?" असे विचारतात. अमेरिकेच्या जनगणनेत १९८० पासून 'एशियन इंडियन' असा स्वतंत्र रकाना आहे. रकाना एकच, पण त्यात सोलकढीवाले आहेत, सावजीवाले आहेत, आणि शतकानुशतके कोकणात राहिलेले मराठीभाषक बेने इस्राएल ज्यूही आहेत. पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा हा त्यांच्या खास प्रसंगांचा पदार्थ. पोहे आपलेही आणि त्यांचेही.

६. उत्तर कसे द्यावे?

डब्याविषयी विचारणारे तीन प्रकारचे असतात. तिघांना एकच उत्तर देऊ नका.

पहिला कुतूहलाने विचारतो. "हे काय आहे?" त्याला नाव सांगा आणि एक वाक्य सांगा. "हे थालीपीठ. चार-पाच धान्ये आणि डाळी भाजून दळलेल्या पिठाची ही भाकरी, लोण्याबरोबर खातात." जमले तर विचारा, "चव बघतोस?" (त्याला कशाची अ‍ॅलर्जी नाही ना, हे आधी विचारायचे.)

दुसरा अज्ञानाने बोलतो. "तुम्ही रोज करी खाता ना?" त्याच्यावर चिडू नका. "करी हे एका पदार्थाचे नाव नाही. आज माझ्याकडे मटकीची उसळ आहे. तुझ्याकडे रोज सूपच असते का?" एवढे हसत सांगितले तरी पुरते.

तिसरा मुद्दाम हिणवतो. त्याला माहिती नको असते, तुमचा पडलेला चेहरा हवा असतो. त्याला इतिहास सांगत बसू नका. शांतपणे "मला हे आवडते" म्हणा आणि खायला लागा. पुन्हा पुन्हा झाले तर शिक्षकांना आणि घरी सांगा. हे सांगणे म्हणजे चहाडी नव्हे. आणि शेजारच्या मुलाला असे कोणी हिणवत असेल, तर त्याच्या बाजूला जाऊन बसा.

७. पालकांसाठी थोडेसे

मुलाने डबा परत आणला तर आधी रागावू नये. "त्यांना काय कळतंय" असे म्हणून विषय उडवूनही लावू नये. काय झाले ते पूर्ण ऐकून घ्यावे. जबरदस्तीने डबा भरला तर तो कचऱ्यात जातो. तडकाफडकी बंद केला तर "म्हणजे यात खरेच लाज वाटण्यासारखे काहीतरी आहे" असा धडा मूल शिकते. मधला मार्ग मुलालाच निवडू द्यावा. आठवड्यातून दोन दिवस आपला डबा, पोळीची भाजी घालून केलेली गुंडाळी, कोरडी बटाट्याची भाजी, धिरडे, दशमी. पातळ रसभाजी घरी खाता येते.

फोडणी देताना पंखा लावावा, कोट-जाकिटे स्वयंपाकघरापासून दूर ठेवावीत. हा व्यवस्थितपणा झाला. त्यात लाजेचा भाग नाही.

दाण्याच्या कुटाबाबत मात्र शाळेचा नियम जरूर पाळावा. दाण्याची अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते. तिळाचेही तसेच, अमेरिकेत २०२१ च्या कायद्याने तीळ मुख्य अ‍ॅलर्जीकारक पदार्थांच्या यादीत आले आणि १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर तसे छापणे सक्तीचे झाले. संक्रांतीला वर्गात तिळगूळ पाठवण्याआधी शिक्षकांना विचारावे.

छळ थांबत नसेल तर तारीख-वार घालून शाळेला लेखी कळवावे. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार, सरकारी निधी घेणाऱ्या शाळांना वंश, रंग किंवा मूळ देश यांवरून भेदभाव करता येत नाही. मूल एकटे नाही, हे त्याला कळणे महत्त्वाचे.

८. लिहून ठेवण्याचे महत्त्व

शेवटची गोष्ट हळदीची. १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला मिळाले. खरचटले की हळद दाबणाऱ्या आपल्या आज्यांना हे कळले असते तर त्या हसल्या असत्या! पण पेटंट कचेरीत "आमची आजी असे करते" हा पुरावा चालत नाही. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्याला आव्हान दिले. तेव्हा परिषदेचे महासंचालक गोव्यातल्या माशेल गावात जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर होते. परिषदेने जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले छापील दाखले पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. जे लिहिलेले होते ते कामी आले.

कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि परदेशी निघालेल्या कित्येकांच्या बॅगेतून जगभर गेले. पण तुमच्या आजीची आमटी त्यात नाही. ती फक्त आजीला ठाऊक आहे. म्हणून खालचा स्वाध्याय मनापासून करा.

शब्दार्थ
नाक मुरडणे – नापसंती दाखवणे
फस्त करणे – खाऊन संपवणे
दर्प – उग्र, नकोसा वास
दरवळ – दूरवर पसरलेला सुगंध
हिणवणे – कमी लेखून बोलणे
कालवणे – पातळ पदार्थ भातात मिसळणे
वाटण – खोबरे, कांदा, मसाला इत्यादी वाटून केलेला गोळा
चहाडी – दुसऱ्याविषयी मागाहून वाईट सांगणे

स्वाध्याय
१. तुमच्या घरी या आठवड्यात केलेल्या पाच पदार्थांची नावे लिहा. 'करी' हा शब्द न वापरता प्रत्येकाचे एका वाक्यात वर्णन करा.
२. खमंग, करपट, खवट, आंबूस – प्रत्येक शब्द वाक्यात वापरा.
३. पुरणपोळी, मिसळ आणि टोमॅटोचे सार यांपैकी कोणत्या पदार्थात अमेरिका खंडातून आलेली वस्तू आहे? कोणती?
४. तुमच्या वर्गातल्या दुसऱ्या देशाच्या मित्राला किंवा मैत्रिणीला त्यांच्या घरच्या एका पदार्थाचे नाव, नीट उच्चारासह, विचारून या. वर्गात सर्वांना शिकवा.
५. (पालक व मुले मिळून) आजी, आजोबा किंवा आत्या-मावशीला फोन करून घरातला एक पदार्थ विचारा. वाटी-चमच्याच्या मापासह मराठीत लिहून आणा. "अंदाजाने घाल" असे उत्तर आले, तर अंदाज म्हणजे किती ते पुन्हा विचारा!

लिहून आलेल्या कृती पुढच्या अंकांत छापू. कागद एका बाजूने, काळ्या शाईने लिहावा, म्हणजे झेरॉक्स स्वच्छ निघते.